इंदापूरचे आणे, ऑकलंडचे चौकोन

ऑकलंडमध्ये घर घेताना आपण सगळेच एका कागदापाशी थबकतो. बँकेचे कर्ज तत्त्वतः मंजूर झालेले असते, शाळा जवळ असते, स्वयंपाकघर घरच्यांना पसंत पडलेले असते, आणि मग कौन्सिलच्या नकाशात आपल्या भावी अंगणाच्या कोपऱ्यावर एक निळा डाग दिसतो. फ्लड प्लेन, म्हणजे पूरक्षेत्र. डागाची कडा कुंपणाच्या अलीकडे की पलीकडे, यावर विमा, पुढची विक्रीची किंमत आणि रात्रीची झोप अवलंबून असते. २७ जानेवारी २०२३ च्या त्या शुक्रवारी ऑकलंड पाण्याखाली गेले, चार माणसे दगावली, आणि त्यानंतर आपल्या मंडळाच्या गणपतीतसुद्धा मोदकांच्या बरोबरीने या निळ्या डागाची चर्चा होऊ लागली.

हा डाग येतो कुठून, असे मला बऱ्याच जणांनी विचारले आहे. विचारण्याचे कारण, मी पोटापाण्यासाठी त्याच्याच आसपासचे काम करतो. नकाशात जमिनीची माहिती बंद आकृत्यांच्या रूपात असते: हे घर, हे कुरण, ही झाडी, हा अमक्या मातीचा पट्टा. या आकृत्यांना बहुभुज म्हणतात. पुराचे गणित करणाऱ्या प्रोग्रामला मात्र बहुभुज कळत नाहीत. त्याला बुद्धिबळाच्या पटासारखे सारखे चौकोन लागतात. प्रत्येक चौकोनाला एक उंची, एक खरखरीतपणा, आणि मग पाणी या घरातून त्या घरात. मधले काम, म्हणजे बहुभुजांचे चौकोन करणे, हे आमच्या धंद्यात हलके समजले जाते. प्रोग्रामला एका ओळीची आज्ञा दिली की काही सेकंदांत उरकते. त्या एका ओळीत किती निर्णय गुंडाळलेले असतात आणि ते किती जुने आहेत, हे सांगण्यासाठी हा लेख.

पहिला निर्णय आपण सर्वांनी शाळेत घेतलेला आहे. आलेख कागदावर वेडीवाकडी आकृती काढायची आणि क्षेत्रफळासाठी घरे मोजायची. अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण घर धरायचे, अर्ध्याहून लहान असेल तर सोडून द्यायचे, बरोबर अर्धा असेल तर अर्धा. सोडलेल्यांचे काय, असे विचारले तर उत्तर मिळे की एकूण जमून जाते. जमतेही, आकृती गुबगुबीत असेल तर. पिंपळाचे पान काढून बघा. पान येते, देठ आणि लांब निमुळते टोक जाते. हा देठ लक्षात ठेवावा, तो पुढे पुराच्या वेळी लागणार आहे.

जमिनीचे असे कप्पे पाडून हिशेब करण्याचा एक मोठा सरकारी उद्योग आपल्याच मुलखात झाला. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि दख्खनचा सारा कसा ठरवायचा हा प्रश्न मुंबई सरकारपुढे आला. पुण्याकडे १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने मोजणी केली. हा गृहस्थ हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा, अशी त्याची रीत. कागदावर देखणी, शिवारात पार फसलेली. मोजणीत आणि प्रतवारीत चुका, लाचलुचपत, आकार डोईजड. कुणबी जमिनी टाकून निघून गेले.

मग १८३५ साली इंदापूर तालुक्यात हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात त्यांची पद्धत पक्की लिहून ठेवली गेली. ती वाचताना माझ्यासारख्या संगणकवाल्याला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे आपले क्षेत्रफळाचे मापच मुळात एक चौकोनी घर आहे. (इकडचा प्रसिद्ध पाव एकराचा प्लॉट म्हणजे बरोब्बर दहा गुंठे. इथल्या जुन्या मोजणीदारांची साखळी ६६ फुटांची, आपल्याहून दुप्पट.) शेताची हद्द ठरली की प्रतबंदी करणारा कारकून शेताचे रेखाटन काढी, आडव्या-उभ्या रेघांनी त्याचे साधारण सारखे कप्पे पाडी, आणि प्रत्येक कप्प्यात माती बघे. खोली हातात मोजायची. पावणेदोन हात खोल, काळीभोर, एकजीव माती म्हणजे पहिली प्रत, सोळा आणे. तिथून उतरत नवव्या प्रतीपर्यंत, पाव हात खोल मुरमाड माती म्हणजे दोन आणे. शिवाय दोष. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी साचणे, अशा प्रत्येक दोषाला ठरलेली खूण, आणि एका दोषाला एक प्रत खाली. शेवटी सगळ्या कप्प्यांचे आणे मिळवून कप्प्यांच्या संख्येने भागायचे. ती आली शेताची सरासरी.

यातल्या दोन गोष्टी मला फार हुशारीच्या वाटतात. सरासरी प्रतींची काढलेली नाही, आण्यांची काढलेली आहे. प्रत म्हणजे नाव, आणा म्हणजे मोल. दुसरी आणि आठवी मिळून सरासरी पाचवी प्रत होत नाही. दुसरीचे चौदा आणे आणि आठवीचे तीन मिळवून साडेआठ आणे मात्र काढता येतात. नव्या इंजिनियरांना हे समजावताना माझी दुपार जाते. दुसरी गोष्ट अशी की कप्पे आणि दोषांच्या खुणा त्या रेखाटनावरच राहत. वरचा अधिकारी काही शेतांवर जाऊन प्रतबंदी पुन्हा करून बघे, आणि फरक कुठल्या कप्प्यात पडला हे त्याला दाखवता येई.

याचा अर्थ इंदापुरात रामराज्य आले असा नव्हे. हा सगळा खटाटोप सारावसुलीसाठी होता. तीस वर्षांची मुदत संपल्यावर आकार वाढवले गेले, आणि १८७५ साली सुप्याला सावकारांविरुद्ध जे दंगे उसळले त्यामागच्या कारणांत या वाढीचीही गणना होते. सातबाराच्या उताऱ्यावर 'आकार' म्हणून जे रुपये-पैसे अजून छापून येतात, त्यांचे मूळ या कप्प्यांत आहे.

आता इकडे वळू. इंदापुरात साखळ्या फिरू लागल्या त्यानंतर पाचच वर्षांनी, १८४० साली, वैतांगीचा करार झाला. माओरी लोकांची जमिनीची समज रेघांत मावणारी नव्हती. एकाच ठिकाणी एका कुटुंबसमूहाचा ईल मासे धरण्याचा हक्क, दुसऱ्याचा ठरावीक झाडांवर पक्षी पकडण्याचा, तिसऱ्याचा कुमाराच्या, म्हणजे रताळ्याच्या वाफ्यांचा. आणि हे हक्क ऋतूप्रमाणे बदलणारे. १८६५ च्या कायद्याने नेटिव्ह लँड कोर्टाने जमिनीच्या तुकड्याला हद्द आणि मालक द्यायचे ठरले, तेही जास्तीत जास्त दहा नावे. बाकीचे कागदावरून पुसले गेले, आणि मोजणीचा खर्चही बहुतेकदा जमिनीच्याच बोकांडी बसून ती विकावी लागली. आमच्या चौकोनांचा नियम हाच आहे: एका घरात एकच किंमत. कायद्याने माणसांच्या बाबतीत तो आमच्या शंभर वर्षे आधी वापरून पाहिला होता.

इंग्रज वसाहतवाल्यांनी डोंगरावरचे जंगल जाळून, तोडून मेंढ्यांसाठी गवत केले. त्याचे बिल १९३८ च्या एप्रिलमध्ये आले. हॉक्स बेच्या परिसरात मुसळधार पाऊस झाला, डोंगर सुटले, आणि नेपियरजवळची एस्क नदीची खोरी गाळाने भरली. काही ठिकाणी गाळ माणसाच्या डोक्यावर गेला. अशा घटनांच्या दबावाखाली १९४१ साली मृदसंधारण आणि नदीनियंत्रणाचा कायदा झाला. त्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या यंत्रणेने १९७३ ते १९७९ या काळात साऱ्या देशाची जमीन तपासून नकाशे केले. न्यूझीलंड लँड रिसोर्स इन्व्हेंटरी हे त्याचे नाव. प्रतबंदीच ती, पण एका देशाची, सहा-सात वर्षांत.

पद्धत अशी. विमानातून घेतलेल्या फोटोंच्या जोड्या स्टिरिओस्कोपखाली धरून डोंगर उठावदार दिसतात, ते बघायचे, मग बूट चढवून प्रत्यक्ष फिरायचे, आणि जिथवर खडक, माती, उतार, धूप आणि वनस्पती या पाच गोष्टी साधारण सारख्या वाटतील तिथवर एकच रेघ फिरवायची. त्या बंद आकृतीला मग आठपैकी एक वर्ग. पहिला वर्ग पुकेकोहेच्या कांदे-बटाट्याच्या लाल मातीसारखा, आठवा नुसते कडे आणि शिखरे. वर्गाच्या अंकापुढे एक अक्षर, जमिनीची मुख्य अडचण सांगणारे: धूप, ओल, माती किंवा हवामान. इंदापूरच्या कारकुनाला ही खूण दाखवली असती तर त्याला दुभाष्या लागला नसता.

फरक एवढाच की इंदापुरात शेताची रेघ आधी होती आणि कप्पे मागून पाडले. इकडे रेघ हेच उत्तर होते. आणि ती रेघ एका इंचाला एक मैल या प्रमाणाच्या नकाशावर काढलेली. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ६३ मीटर होतो. पेनाची रेघ अर्धा मिलिमीटर जाडीची धरली तरी जमिनीवर ती ३२ मीटर रुंद. दहा गुंठ्यांचा आख्खा प्लॉट त्या शाईखाली झाकला जाऊ शकतो! काढणाऱ्याला हे पक्के ठाऊक होते. त्याच्या लेखी रेघ म्हणजे "इथे कुठेतरी बदल होतो" अशी नोंद होती.

पुढे या रेघा संगणकात गेल्या आणि त्यांची जाडी शून्य झाली. बहुभुजाचा कोपरा आता मीटरच्या दशांशापर्यंत आकड्यात मिळतो. देशाच्या परिस्थितीकीय वर्गीकरणासाठी २००३ साली लेन्झ नावाचे काम प्रसिद्ध झाले, त्यात याच आकृत्यांतून मातीची माहिती घेऊन २५ मीटरच्या चौकोनांत भरली. रेघेची शाई चौकोनाहून रुंद! कामाच्या उद्देशाला ते चालण्यासारखे होते, कारण त्यांना देशभरचे चित्र हवे होते. पण चौकोनावर "मी शाईखालचा आहे" असे लिहिलेले नसते. २०२२ साली सरकारने सुपीक जमिनीच्या रक्षणाचे धोरण आणले तेव्हा प्रादेशिक कौन्सिलांचे नवे नकाशे होईपर्यंत याच नकाशातले पहिले तीन वर्ग प्रमाण धरले गेले, आणि सत्तरच्या दशकातल्या त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे असण्यावर लोकांचे प्लॉट पाडण्याचे बेत अडले.

चौकोन बहुभुजाच्या आत आहे की बाहेर, हे यंत्राला कसे कळते? १९६२ साली शिमरात या गणितज्ञाने एका संगणक-नियतकालिकात त्याची छोटीशी कृती छापली. आपल्या भाषेत सांगायचे तर, रात्री अंधारात आपण शिवारात उभे आहोत आणि पाटलाच्या शेतात आहोत की बाहेर ते कळत नाही. एक दिशा धरून सरळ चालत सुटायचे आणि पाटलाचा बांध किती वेळा ओलांडला ते मोजायचे. विषम आला तर आत होतो, सम आला तर बाहेर. शेत कितीही वाकडेतिकडे असो. प्रत्येक चौकोनाच्या मध्यबिंदूवरून असे चालायचे, एवढेच आमचे प्रोग्राम करतात. फक्त एकेका चौकोनासाठी वेगळे न चालता संबंध ओळ एका दमात निघते. मध्यबिंदू आत तर चौकोन आत. या नियमाचा मोठा गुण म्हणजे शेजारच्या दोन शेतांत एकच चौकोन दोनदा मोजला जात नाही. दुसरा नियम, बहुभुजाचा नुसता स्पर्श झाला तरी चौकोन आत. तिसरा, ज्याचा हिस्सा जास्त त्याचा चौकोन. कुठला वापरला हे नकाशा बघणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

डोंगराच्या धुपीसाठी यातला कुठलाही नियम लावला तरी फारसे बिघडत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या इथल्या एका धूप-प्रतिरूपाचे सूत्र इतके साधे आहे की पाठ होते: भूप्रदेशाचा एक गुणांक, गुणिले वनस्पतीचा गुणांक, गुणिले पावसाचा वर्ग. झाडी असेल तर वनस्पतीचा गुणांक १, गवत असेल तर १०. भूप्रदेश त्याच सत्तरच्या दशकातल्या आकृत्यांवरून ठरवलेला. खोऱ्याची बेरीज करताना चार चौकोन इकडचे तिकडे झाले तरी बेरीज जमून जाते, शाळेतल्यासारखीच.

पुराचे तसे नाही. पूर देठांतून धावतो. नदीकाठी माती घालून केलेली स्टॉपबँक घ्या. वर चार मीटर रुंद, दोन-तीन किलोमीटर लांब, आणि चौकोन दहा मीटरचे. मध्यबिंदूचा नियम लावला तर बांध तिरका जाताना काही चौकोनांचे मध्य त्याच्यावर पडतात, काहींचे पडत नाहीत. चौकोनांत बांधाऐवजी तुटक ठिपके उरतात, आणि पडद्यावर पाणी त्या फटींतून निवांत शेतात शिरते. स्पर्शाचा नियम लावला तर फटी बुजतात, पण चार मीटरचा बांध दहा-वीस मीटरचा होऊन नदीचीच जागा खातो. म्हणून जाणते लोक बांधाची रेघ वेगळी घेतात आणि तिच्या माथ्याची उंची चौकोनांच्या कडांवर बसवतात. रस्त्याखालच्या मोरीचे उलटे. वरून लेझरने मोजलेल्या उंचीत रस्ता म्हणजे अखंड भिंत दिसते, तिथे हाताने भोक पाडावे लागते. ही शिवणटिपण केल्याशिवाय देशात उपलब्ध असलेली एक मीटरची सुंदर उंची-माहितीही खोटे बोलते.

शहरात घरांचा प्रश्न. ऑकलंडमध्ये २०१६ च्या युनिटरी प्लॅननंतर जुन्या एका घराच्या जागी चार-सहा टाउनहाऊस उभी राहिली. दोन घरांमधली वाट दीड मीटर. चौकोन दोन मीटरचा असला आणि घरे ठोकळे म्हणून उभी केली, तर स्पर्शाच्या नियमात ती वाट नाहीशी होते आणि मागच्या अंगणात तलाव साचतो. घरे ठोकळे न करता नुसती खरखरीत जमीन म्हणून धरली तर पाणी दिवाणखान्यातून मंदगतीने पलीकडे जाते. खरखरीतपणाचा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या रॉबर्ट मॅनिंग या आयरिश इंजिनियरच्या नावाचा: डांबराला सुमारे ०.०१५, कुरणाला ०.०३, दाट झाडीला ०.१. तो कुठे किती, हे बहुधा जमिनीच्या आच्छादनाच्या राष्ट्रीय नकाशावरून घेतात, आणि त्यात एक हेक्टरहून लहान आकृती काढतच नाहीत. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. तुमच्या बागेतली हिरवळ आणि शेजाऱ्याचे काँक्रीट त्यात एकाच नावाने नांदतात.

चौकोन बारीक करा ना, असे कुणीही म्हणेल. चौकोनाची बाजू निम्मी केली की संख्या चौपट होते, आणि पाणी एका पावलात एकाहून जास्त घरे ओलांडू नये म्हणून काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते. काम आठपट. माझ्या डॉक्टरेटची दोन वर्षे या आठाशी भांडण्यात गेली. २०२० पासून देशभरच्या पुराच्या नकाशांवर निवा या संस्थेत काम झाले (२०२५ पासून ती अर्थ सायन्सेस न्यूझीलंडचा भाग आहे), तिथल्या प्रोग्रामने यावर चांगला तोडगा वापरला: चौकोनाचे चार, त्यातल्या गरजेच्या भागाचे पुन्हा चार. नदीकाठी बारीक जाळे, माळावर मोठे. भाकरीचे चतकोर करत जावे तसे.

सिम्युलेशन संपले की उलटा प्रवास. ओल्या चौकोनांची कडा काढून पुन्हा बहुभुज करायचा. ही कडा मुळात पायऱ्यापायऱ्यांची असते. लोकांना दाखवायच्या नकाशात ती बरेचदा गुळगुळीत केली जाते, आणि तिथेच मला आक्षेप आहे. पायऱ्या दिसल्या असत्या तर बघणाऱ्याला आपोआप कळले असते की ही रेघ दोन किंवा पाच मीटर इकडेतिकडे होऊ शकते. गुळगुळीत वळण मात्र कुणीतरी पाण्याच्या काठाने चालत जाऊन मोजल्यासारखे दिसते. इंदापूरच्या रेखाटनावर कप्पे दिसत होते. आम्ही ते पुसून टाकतो, नकाशा छान दिसावा म्हणून.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळ आले. देशात अकरा बळी गेले, आणि एस्कचे खोरे १९३८ सारखेच पुन्हा गाळाखाली गेले. त्यानंतर सरकारने घरांचे तीन वर्ग केले. तिसऱ्या वर्गातल्या घरमालकांना घर विकून बाहेर पडण्याचा देकार मिळाला. हॉक्स बेमध्ये सुरुवातीला नकाशावर आख्ख्या परिसरांना तात्पुरते वर्ग लावले होते. पुढे तपासणीनंतर बऱ्याच ठिकाणच्या हद्दी हलल्या.

लिम रिपोर्टबद्दलचा कायदा २०२३ साली दुरुस्त झाला तो नैसर्गिक धोक्यांची माहिती खरेदीदाराला समजेल अशी मिळावी म्हणून. तेव्हा निळा डाग अंगणाला चाटून जात असेल तर वाचकहो, खरेदी सोडण्याआधी किंवा बेफिकीर होण्याआधी कौन्सिलकडे त्या पूर-अभ्यासाचा मूळ अहवाल मागावा. चौकोन किती मीटरचा होता, घरे ठोकळे धरली की खरखरीत, मोऱ्या उघड्या होत्या की तुंबलेल्या, उंचीची माहिती कुठल्या सालची, आणि कडा गुळगुळीत केली का, एवढे बघावे. जोडीला सर्व्हेयरकडून घराच्या जोत्याची उंची मोजून घ्यावी, कारण पुराची पातळी आणि जोते यांतले अंतर चौकोनावर अवलंबून नसलेल्या मोजक्या आकड्यांपैकी निम्मे तरी नक्कीच आहे. अहवालात चौकोनाचे माप बहुधा पहिल्या दहा-पंधरा पानांत सापडते. नाही सापडले तर ईमेल करून विचारावे. लिहिणाऱ्या इंजिनियरला कुणीतरी तेवढे वाचले याचा आनंदच होतो.